जुन्या गाडीचा धूर आणि मालकाची साक्ष

२०२५ च्या पावसाळ्यात पेट्रोलमधील इथेनॉलवरून जे वादंग माजले, त्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. परंतु ज्याच्या साक्षीवाचून हा खटला चालूच शकत नव्हता, त्या साक्षीदाराला कोणीच रीतसर पाचारण केले नाही. तो साक्षीदार म्हणजे जुन्या मोटारीचा मालक. दहा-बारा वर्षांपूर्वी, किंवा त्याहूनही आधी, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून अथवा पतपेढीचे हप्ते फेडत ज्याने एक लहान गाडी घेतली, मुलांच्या परीक्षा, आईचे दवाखाने आणि वर्षातून एकदा गावची जत्रा एवढ्या कामांसाठी जी जपून वापरली, त्या गृहस्थाचे म्हणणे साधे होते. गाडी पूर्वीइतके ॲव्हरेज देत नाही, सकाळी सुरू होताना अडखळते, इंधनाच्या नळीला पाझर फुटतो. यावर सरकारपक्षाचे उत्तर असे की, हे भय अनाठायी आहे. फरक पडतो तो किरकोळ. मालक म्हणतो पडतो, सरकार म्हणते पडत नाही. दोघांपैकी कोणापाशीही टाचणाची वही नाही.

सरकारपाशी अगदीच काही नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात हे मान्यच केलेले होते की, मुळात निव्वळ पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीला वीस टक्के मिश्रण घातल्यास तिची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने हाच आकडा तीन ते सहा टक्के असा सांगितला आणि काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग व गॅस्केटे लवकर बदलावी लागतील हेही कबूल केले. फक्त तो खर्च किरकोळ आहे, अशी पुस्ती जोडली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या धोरणाविरुद्धची जनहितयाचिका फेटाळून लावली आणि न्यायालयीन प्रकरण तेथे संपले. पण खर्च किरकोळ आहे, हे कोणाच्या खिशाकडे पाहून ठरवले?

थोडे गणित केले तर सरकारचा आकडा फारसा खोटा ठरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. तेव्हा पाचवा हिस्सा इथेनॉल मिसळले की ऊर्जेत सहा-सात टक्क्यांची तूट येणार, आणि आधीच दहा टक्के मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला त्याच्या निम्मी. लिटरला अठरा किलोमीटर जाणारी गाडी सतरावर आली, तर मालकाचा अनुभव आणि रसायनशास्त्र यांचे एकमत आहे. परंतु तीच गाडी बारावर आली अशी तक्रार असेल, तर दोष एकट्या इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. प्लग झिजले असतील, ब्रेक धरून बसले असतील, पिस्टनच्या रिंगा सैल झाल्याने दाबच बनत नसेल. मालकाची साक्ष म्हणजे निकाल नव्हे. साक्ष तपासायची असते. आणि आपल्याकडे गफलत झाली आहे ती नेमकी येथे. ती तपासण्यासाठी आधी नोंदवावी लागते.

ही साक्ष किती मोलाची असते, हे कोणत्याही गल्लीतल्या गॅरेजमध्ये अर्धा तास उभे राहिले तरी कळते. चांगला मेकॅनिक प्रथम बॉनेट उघडत नाही, तो मालकाला प्रश्न विचारतो. धूर कधी येतो? कोणत्या रंगाचा? रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच क्षणभर निळसर लोट येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हवरची सिले कडक झाली असून रात्रीत ऑइल झिरपून आत उतरलेले असते. तोच निळा धूर घाट चढताना, पाय दाबताक्षणी आणि सतत येत असेल, तर दुखणे खोल आहे. रिंगा किंवा सिलिंडर झिजला, गाडी ऑइल खाऊ लागली, आता इंजिन खोलावे लागणार. काळा धूर म्हणजे जाळण्याजोग्या हवेपेक्षा इंधन जास्त. एअर फिल्टर तुंबला असेल, जुन्या कार्बोरेटरचा चोक अडकला असेल. पांढऱ्याची गंमत निराळी. थंडीच्या दिवसांत पहाटे सायलेन्सरातून निघणारी पांढरी वाफ ही नुसती वाफ असते आणि ती पाहून घाबरणारे मालक मेकॅनिकच्या संसाराला मोठाच हातभार लावतात. पण इंजिन पुरते तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, त्याला गोडसर वास आहे आणि रेडिएटरातले कूलंट मात्र दर आठवड्याला कमी होते, अशी तीन लक्षणे एकत्र आली की हेड गॅस्केट उडाले असे समजायला हरकत नाही. ही लक्षणे कोणत्याही यंत्राला एका तपासणीत दिसणार नाहीत. ती काळात पसरलेली असतात. ती पाहतो फक्त रोज गाडी चालवणारा माणूस.

इथेनॉलच्या प्रश्नातही हेच आहे. इंधनासोबत प्राणवायू अधिक येत असल्याने मिश्रण विरळ होते. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर व संगणक आहे ती आपले आपण जुळवून घेते, निदान एका मर्यादेपर्यंत. कार्बोरेटरवाल्या गाडीला जुळवून घेता येत नाही. ती थंड असताना अडखळते आणि पिकअपला दगा देते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सैल करते, तो गाळ फिल्टरात येऊन बसतो. महिन्यातून दोनदाच बाहेर निघणाऱ्या गाडीला हा त्रास अधिक आणि रोज धावणाऱ्या गाडीला कमी. म्हणजे एकाच वयाच्या, एकाच बनावटीच्या दोन गाड्यांची कहाणी निराळी असू शकते, आणि कोकणातल्या दमट हवेत उभ्या असलेल्या गाडीची तर सोलापूरच्या कोरड्या हवेतल्या गाडीहून खासच निराळी. प्रयोगशाळेतल्या चार गाड्या चालवून हा फरक हाती येत नाही. त्याला हजारो मालकांच्या नोंदी लागतात.

आता या मालकाशी आपल्या व्यवस्थेचा संबंध कोठे येतो ते पाहू. पहिला संबंध पीयूसीचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये हे प्रमाणपत्र जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी आणि भारत स्टेज-४ पासूनच्या गाडीला दरवर्षी घ्यावे लागते. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या एखाद्या व्हॅनमध्ये नळी सायलेन्सरात खुपसली जाते, उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण पाहिले जाते, आणि कागद हातात पडतो. २००० पूर्वीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के, स्टेज-२ व ३ च्या गाडीला अर्धा टक्का, स्टेज-४ च्या गाडीला ०.३ टक्का. मर्यादा योग्य आहेत. पण पेट्रोल गाडीचा धूर, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ते निळे लोट, या चाचणीत मोजलेच जात नाहीत. नायट्रोजनची ऑक्साइडेही नाहीत. त्यामुळे मागून येणाऱ्या स्कूटरस्वाराचे डोळे चुरचुरवणारी गाडी खिशात वैध प्रमाणपत्र बाळगून फिरू शकते. आणि मालकाने त्या व्हॅनमधल्या पोराला सांगितले की, 'अरे, गाडी महिन्याला अर्धा लिटर ऑइल खाते', तर ते लिहायला त्याच्या नमुन्यात रकानाच नाही.

दुसरा संबंध पैशाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार झाले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी ठेवणे महाग पडावे, हा यामागचा हेतू उघड आहे आणि तो सर्वस्वी गैर आहे असेही नाही. पण शुल्क वयावर आहे. वीस वर्षांची, वेळेवर ऑइल बदललेली, स्वच्छ जळणारी गाडी आणि वीस वर्षांची, गावभर धुराचे लोट सोडणारी गाडी यांना एकच दर. दिल्लीत हाच वयाचा निकष टोकाला नेला गेला. हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश, जुलै २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचा चार दिवसांत गुंडाळावा लागलेला फतवा, ऑगस्टमध्ये न्यायालयाने दिलेले अभय आणि डिसेंबरमध्ये ते भारत स्टेज-४ व पुढील गाड्यांपुरतेच मर्यादित करणे, हे सारे एकामागून एक घडले. शेवटच्या या निर्णयात एक गोष्ट मात्र शहाणपणाची दिसते: जन्मसालाऐवजी गाडी कोणत्या मानकाची आहे, याकडे प्रथमच पाहिले गेले.

तिसरा संबंध खरा महत्त्वाचा. तो तक्रारीचा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले. एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला ती वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. आणि त्या दोषाची माहिती मिळण्याचा एक मार्ग म्हणून कायद्यानेच मालकांच्या तक्रारींचा नामनिर्देश केला आहे. कायद्याची शब्दरचना उत्तम आहे. पर्यावरणाचा उल्लेख पहिला आहे, म्हणजे धूर त्यात येतो. मात्र १ एप्रिल २०२१ पासून या कलमाखालील जे नियम अमलात आले, त्यांनी ही सक्ती सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरती ठेवली. कायद्याने उघडलेला दरवाजा नियमाने अर्धा लावून घेतला. ग्राहक आयोगाकडे जावे, तर तेथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. परिणामी आठव्या वर्षी ज्याच्या गाडीचे हेड गॅस्केट उडाले आणि ज्याला चौकशीअंती कळले की त्याच सालच्या त्याच गाड्यांत ते वारंवार उडते, त्याने आपली हकीकत सांगायची ती मेकॅनिकला आणि शेजाऱ्याला. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हा मालक कायद्याच्या लेखी मुका, आणि पंधराव्या वर्षी अचानक दोषी!

यावर असे म्हटले जाईल की, जगात कोठेच उत्पादकाला जन्मभर बांधून ठेवत नाहीत. बरोबर आहे. अमेरिकेतसुद्धा मोफत दुरुस्तीच्या हक्काला पंधरा वर्षांची मर्यादा आहे. पण तक्रार नोंदवण्याला तेथे गाडीच्या वयाची अट नाही, आणि तिचे काय होऊ शकते याचे एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. फोर्ड कंपनीची 'एक्स्प्लोरर' ही तेथील मोठ्या कुटुंबाची गाडी. २०११ नंतरच्या या गाड्यांत वेग वाढवताना, विशेषतः आतली हवा आतच फिरवत ठेवली असता, सायलेन्सरातील वायूचा वास येतो, डोके दुखते, अशा तक्रारी मालकांनी तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे केल्या. दीडशेच्या आसपास तक्रारींवर जुलै २०१६ मध्ये चौकशी सुरू झाली. वर्षभरात तक्रारींची संख्या दोन हजार सातशेवर गेली, चौकशीची व्याप्ती सुमारे तेरा लाख गाड्यांपर्यंत वाढली, आणि टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी आपल्या चारशेच्या आसपास गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या. कंपनीने गाडीच्या मागील भागातील फटी बुजवून देण्याची मोफत सोय केली. अखेर जानेवारी २०२३ मध्ये चौकशी बंद झाली आणि गाड्या परत मागवण्याचा आदेश निघाला नाही. पोलिसांच्या गाड्यांत दिवे व उपकरणे बसवताना पाडलेली भोके नीट न बुजवल्याने वायू अधिक शिरत होता आणि सर्वसाधारण गाड्यांत त्याचे प्रमाण स्वीकृत मर्यादेच्या आत आहे, असा निष्कर्ष निघाला.

मालक हरले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. साडेसहा वर्षे खर्चून एका शासकीय यंत्रणेने सामान्य माणसाच्या 'वास येतो' या दोन शब्दांचा माग काढला, त्यांतला खरा भाग आणि भयाचा भाग वेगळा केला आणि उत्तर जाहीर केले. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे हेच घडायला हवे होते. सरकारला जर खात्री होती की तक्रारी अतिरंजित आहेत, तर त्या नोंदवून घेऊन तपासणे हेच सरकारच्या अधिक फायद्याचे होते. नोंद न करता नुसता इन्कार केला की अफवेला शंभर तोंडे फुटतात.

प्रयोगशाळेवर अवघा भरवसा टाकणाऱ्यांनी २०१५ हे साल विसरू नये. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील ती प्रसिद्ध लबाडी अमेरिकेत उघडकीस आली. चाचणीच्या वेळी गाडी स्वच्छ वागे आणि रस्त्यावर येताच नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कितीतरी पट सोडी. ती पकडली गेली, कारण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी यंत्रे गाडीत ठेवून तिला खऱ्या रस्त्यावर चालवले. त्यानंतर आपल्या पुण्याच्या 'एआरएआय'नेही रस्त्यावर चाचण्या घेतल्या, आणि त्याच वर्षअखेर कंपनीने भारतातील तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. सांगायचा मुद्दा एवढाच की, ज्ञान रस्त्यावर असते आणि ते वेचण्याची कुवत आपल्याच संस्थांत आहे.

हे सर्व इथेनॉलच्या विरोधात लिहिले आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. कोल्हापूर-सांगलीकडचा शिक्षक स्वतः जुनी गाडी चालवत असेल आणि त्याचा भाऊ कारखान्याला ऊस घालत असेल. इथेनॉलने उसाचे बिल वेळेवर निघण्यास मदत होत असेल, तर त्या घराला या धोरणाचे दोन्ही हिशेब ठाऊक आहेत. पूर्वीही असे झाले आहे. १९९५ मध्ये महानगरांत आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर पेट्रोलमधले शिसे गेले. ते जाणे अत्यावश्यक होते. मुलांच्या मेंदूला अपाय करणारे ते विष होते. पण शिसे व्हॉल्व्हच्या बैठकांना वंगणासारखे उपयोगी पडे, आणि तोवरच्या फियाट व ॲम्बॅसेडर गाड्यांच्या मालकांना आता आपले इंजिन झिजेल अशी धास्ती होती. ती किती खरी ठरली? किती गाड्यांचे हेड उतरवावे लागले? याची मोजदाद कोठेही नाही. पंचवीस वर्षांनंतर तोच प्रश्न निराळ्या इंधनाच्या रूपाने आला, तेव्हा आपल्यापाशी मागच्या अनुभवाचे एक पानही नव्हते.

जुन्या गाड्या भंगारातच जाव्यात, असे म्हणणाऱ्यांचे एक म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे: शहराच्या हवेत जुन्या गाडीचा वाटा तिच्या संख्येच्या मानाने मोठा असतो. पण त्या वाट्यातही विषमता आहे. थोड्या बिघडलेल्या गाड्या बराचसा धूर करतात आणि बाकीच्या त्यांच्या पापाचे धनी होतात. मारुती-८०० चेच पाहा. १९८३ च्या डिसेंबरात आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली ही गाडी पंचवीस लाखांहून अधिक बनली. तिच्यात कार्बोरेटरवाली पिढी आहे आणि २००० च्या सुमारास आलेली इंधन-फवाऱ्याचीही आहे. दोघींना एकाच मापाने मोजणे म्हणजे आजोबा आणि नातू यांना एकच औषध देणे. खेरीज, नवी गाडी ज्याला परवडत नाही तो जुनी गाडी विकल्यावर सायकलवर येतोच असे नाही. तो दुसऱ्याची जुनी गाडी घेतो, आणि तिच्या इंजिनाचा पूर्वेतिहास त्याला काडीमात्र ठाऊक नसतो.

करायचे काम त्या मानाने लहान आहे. सात वर्षांची मर्यादा हवी तर गाड्या परत मागवण्यापुरती राहू द्यावी. तक्रार नोंदवण्यापुरती मुळीच ठेवू नये, आणि कोणत्या बनावटीच्या कोणत्या सालच्या गाडीविषयी किती व कसल्या तक्रारी आल्या हे दर सहामाहीस प्रसिद्ध करावे. त्यासाठी संसदेत जाण्याचे कारण नाही, नियमातील दुरुस्ती पुरेल. पीयूसीच्या नमुन्यात ऑइलचा खप, धुराचा रंग आणि मालकाने सांगितलेले ॲव्हरेज असे तीन रकाने वाढवावेत. आणि २०२१ च्या आराखड्यात जुन्या वाहनांच्या संरक्षणासाठी दहा टक्के मिश्रणाचे इंधन उपलब्ध ठेवण्याचा जो विचार होता, तो का सोडला याचे कारण सरकारने सांगावे.

सरकार हे करीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. ग्राहक चळवळीचा उगम याच राज्यातला. पुण्यात ग्राहक पंचायत १९७४ मध्ये उभी राहिली आणि मुंबईत १९७५ मध्ये. पन्नास वर्षे वजनकाटे आणि भेसळ यांच्यामागे लागलेल्या या मंडळींनी जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या गाड्यांची एक नोंदवही उघडली, तर तिला मजकुराची वाण पडणार नाही. गाडीच्या खणात पेट्रोलच्या पावत्या आणि किलोमीटरचे आकडे वर्षानुवर्षे लिहून ठेवणारे निवृत्त कारकून आणि मुख्याध्यापक आपल्याकडे अजून आहेत. त्यांच्या वह्या मागवाव्यात. एप्रिल २०२३ च्या आधीचे वर्ष आणि नंतरचे वर्ष, एवढी दोनच पाने प्रत्येकाकडून मिळाली तरी कामाला सुरुवात करता येईल.